कन्या : एक

माझ्या नातीच्या आजारपणाची हकीकत आमच्या नात्यागोत्यात सध्या तीन प्रकारे सांगितली जाते. माझा मुलगा सांगतो की, मी दादरच्या डॉक्टरीणबाईंवर त्यांच्याच खोलीत ओरडलो आणि घरातली महत्त्वाची माहिती दडवली. गिरगावात राहणारी माझी भाची सांगते की, मी तिच्या दारात उभा राहून रडलो. आमच्या कुलमंडळाचे अध्यक्ष, जे माझे चुलत बंधूही आहेत, ते सांगतात की, मी स्वतः संपादित केलेल्या कुलवृत्तांतावर म्हातारपणी शाई ओतली. मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. माझे कान थोडे गेले आहेत. स्मरणशक्ती गेलेली नाही. या तिन्ही हकीकतींत दुरुस्ती आवश्यक आहे आणि ती माझ्याशिवाय कोणी करणार नाही.

प्रथम नातीविषयी. ती तेवीस वर्षांची असून आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी परळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो. गिरण्यांच्या यंत्रांना लागणाऱ्या सुट्या भागांची रेखाटने करणे हे माझे काम. नातीचा हात माझ्यावर गेला आहे, हे उघड आहे. माझी सून म्हणते की, तो तिच्या स्वतःच्या वडिलांवर गेला आहे, जे वेंगुर्ल्याला होड्या बांधत असत. या मुद्द्यावर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर या मुलीची झोप उडाली. रात्री दोन-तीन तास डोळा लागला तरी सकाळी ती ताजीतवानी असे. आमच्या लालबागच्या इमारतीच्या गच्चीवर भाजीचे मळे करायचे, असे तिने ठरवले आणि टेप घेऊन सगळी गच्ची मोजली. मग जिने मोजले. मग शेजाऱ्यांची दारे मोजली. बोलणे इतके वेगाने चाले की, एका वाक्याचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात अडके. आम्ही सुरुवातीला खूश होतो, हे मी लपवत नाही. मुलगी कामाला लागली, असेच आम्हांला वाटले. पुढे ती कॉलेजात प्राध्यापकांना अद्वातद्वा बोलली आणि एका दुपारी लालबागहून वरळीपर्यंत अनवाणी चालत गेली, कारण म्हणे चपलांमुळे वेग कमी होत होता. महिन्याभरात सारे उलटले. तीच मुलगी भिंतीकडे तोंड करून बसू लागली. केस विंचरायलाही तिचा हात उचलेना.

डॉक्टरांनी बायपोलर असे निदान केले. पहिले औषध सुरू झाले आणि चौथ्या दिवशी तिची मान ताठ झाली, जीभ जड झाली, हातातली पेन्सिल गळून पडू लागली. डॉक्टरांनी ते तत्काळ थांबवले. माझ्या मुलाने विचारले, ''डोस जास्त झाला का?''

''इतरांना देतो तोच, किंबहुना त्याहून कमी होता,'' त्या म्हणाल्या. ''औषध शरीरात गेल्यावर ते फोडून बाहेर टाकावे लागते. ते काम किती वेगाने होणार, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेले असते. काहींचे झटपट होते, त्यांना औषध लागूच पडत नाही. काहींचे सावकाश होते, त्यांच्यात ते साचत जाते. हिचे सावकाश होत असावे.''

''म्हणजे प्रकृती अशक्त,'' मुलगा म्हणाला.

''अशक्त नाही हो. वेगळी.''

हे मला चटकन समजले. एकाच रेखाटनावरून दोन कारखान्यांत घडवलेले दोन भाग हुबेहूब सारखे नसतात. म्हणून किती फरक चालेल हे कागदाच्या कोपऱ्यात लिहावे लागते. माणसाच्या कोपऱ्यात तसे काही लिहिलेले नसते, एवढीच अडचण.

आता पुढचे औषध ठरवायचे होते. दोन पर्याय होते. एक लिथियम, दुसरी एक गोळी, जी फेफऱ्यावरही देतात. लिथियमला वरचेवर रक्त तपासावे लागते आणि काहींच्या हाताला बारीक कंप येतो, हे ऐकताच नात त्या महिन्यातले पहिले पूर्ण वाक्य बोलली, ''मला कंप नको, मला ड्रॉइंग करायचंय.'' तेव्हा दुसऱ्या गोळीकडे सगळ्यांचा कल झाला. डॉक्टर म्हणाल्या, ''ठरवण्यापूर्वी एक सांगा. घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का? कोणाला कुठले औषध मानवले, कोणाला बाधले?''

''चौदा पिढ्यांत कोणालाही नाही,'' मी म्हणालो, आणि पिशवीतून आमचा कुलवृत्तांत काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. तो मी याच प्रसंगासाठी नेला होता. चौदा पिढ्यांची वंशावळ त्यात मी स्वतः, हाताने, शाईने रेखाटली आहे. सहा वर्षे खपलो होतो.

त्यांनी घडीचे मोठे पान उलगडले. ''आजोबा, रेखाटन फार सुंदर आहे. पण यात बायका कुठे आहेत?''

''आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे कंसात पत्नीचे नाव दिलेले आहे.''

''आणि तिच्या माहेरची माणसं?''

''ती त्यांच्या कुलवृत्तांतात.''

''तुमच्याकडे जन्मलेल्या मुली?''

''संख्या दिलेली आहे. पुत्र तीन, कन्या दोन, याप्रमाणे.''

''नावं?''

''लग्नानंतर त्या दुसऱ्या कुळात जातात. नावाची नोंद तिकडे होते.''

''तिकडे म्हणजे कंसात,'' डॉक्टर म्हणाल्या. मागे बसलेली माझी सून हसली. मी ते ऐकले. ''आजोबा, मला दोन्ही बाजू लागतात. बापाकडची आणि आईकडची, लग्न होऊन गेलेल्या आणि लग्न होऊन आलेल्या. आम्ही असा तक्ता काढतो.'' आणि त्यांनी एका कोऱ्या कागदावर पुरुषासाठी चौकोन व स्त्रीसाठी वर्तुळ काढून दाखवले.

मी ओरडलो, असे मुलगा म्हणतो ते या क्षणी. ''चौकोन असा काढतात का?'' एवढेच शब्द मी उच्चारले. त्या चौकोनाचा एकही कोन काटकोन नव्हता. शब्द किंचित मोठ्याने उच्चारले गेले असतील. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज नेमका कळत नाही.

''तुम्ही काढून आणा,'' त्या म्हणाल्या. ''पंधरा दिवस आहेत. घाईने चुकीची गोळी देण्यापेक्षा थोडे थांबू.''

घरी आल्यावर कुलवृत्तांत आमच्या टेबलावरच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून उठलो, तर नात ते मोठे पान समोर घेऊन बसलेली. सहा आठवड्यांत तिने स्वतःहून हातात घेतलेली ती पहिली वस्तू होती. तिने माझ्या वडिलांच्या चौकटीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते : पुत्र दोन, कन्या एक.

''आबा, कन्या एक म्हणजे कोण?''

मुलगा ज्याला दडवणे म्हणतो, ते हे. माझी थोरली बहीण लग्न होऊन गिरगावात गेली होती. ऐन उमेदीत तिला काही तरी झाले. आमच्या घरात त्याला 'तिचे ते दिवस' म्हणत. त्या दिवसांत ती वाडीतल्या सगळ्यांची भांडी घासून द्यायची किंवा मग स्वतःचीही घासायची नाही. पुढे ती सावरली, शाळेत शिकवू लागली आणि हातची गेलेली वर्षे तिने पुन्हा मिळवली. का सावरली, हे मी विचारले नाही. ती सावरली म्हणजे तिला आजार नव्हताच, असा हिशेब मी मनाशी मांडला होता, आणि डॉक्टरांना मी जे उत्तर दिले ते त्याच समजुतीतून दिले. माझ्या मुलाने या दोन गोष्टींतला फरक ओळखावा, अशी माझी अपेक्षा आहे. तो ओळखत नाही.

एक गोष्ट मात्र मी सांगितली पाहिजे. कुलवृत्तांत छापण्यापूर्वी बहीण माझ्याकडे आली होती. ''माझं नाव घाल,'' एवढेच तिचे मागणे होते. मी तिला मुलींची नावे न देण्याचा मंडळाचा ठराव दाखवला. ती म्हणाली, ''तुझ्या पुस्तकात मी आकडा आहे रे.'' त्यानंतर आम्ही बोललो नाही. तीन वर्षांनी ती गेली. मी स्मशानात गेलो, तिच्या घरी गेलो नाही.

नातीला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, ''तिला काय गोळी होती?''

मला ठाऊक नव्हते.

म्हणून मी गिरगावला गेलो. भाची आईच्याच खोलीत राहते, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी आणि उभा. मी दारात पोहोचलो तेव्हा माझा चेहरा ओला होता, हे खरे. तीन मजले चढलेल्या एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला घाम येतो.

''मामा!'' भाची म्हणाली. ''इतक्या वर्षांनी? काय, दुसरी आवृत्ती काढताय? आईचा आकडा चुकला होता का?''

''पाणी दे आधी.''

''देते. बसा. खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. कुळाचा इतिहास खाली पडायचा.''

ती मला कधीच घाबरली नाही. मी येण्याचे कारण सांगितल्यावर तिचा सूर बदलला. स्टुलावर चढून तिने माळ्यावरून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला. बहिणीची सगळी भिंतीवरची कॅलेंडरे. तिने एकही टाकले नव्हते. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाची खूण, गॅस आल्याची खूण आणि कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा निळा ठिपका.

''हा ठिपका म्हणजे गोळी,'' भाची म्हणाली. ''आणि जिथे लाल गोल आहे, तिथे रक्त तपासलं. लिथियम. तो एक क्षारच असतो, म्हणून आई म्हणायची, माझं मीठ.''

मला एकदम आठवले. बहिणीने श्रावणातले अळणी उपवास अचानक सोडले होते, आणि त्यावरून मी तिला भर पंगतीत सुनावले होते. भाचीला मी विचारले. ती म्हणाली, ''डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ एकदम सोडायचं नाही, रक्तातली गोळी वाढते. तिने तुम्हाला सांगितलं नाही का?''

''मी सांगू दिले नसेल,'' मी म्हणालो.

गठ्ठ्यातले सर्वांत जुने कॅलेंडर सर्वांत खाली होते. त्यात निळे ठिपके नव्हते. एका सोमवारी 'नवी गोळी' असे लिहिले होते. त्यानंतर तेराव्या दिवशी तिच्या वळणदार अक्षरात : 'अंगभर लाल. तोंड आले, डोळे सुजले. इस्पितळ.' पुढच्या तीन आठवड्यांच्या चौकटी कोऱ्या, दूधसुद्धा नाही. पानाला टाचणीने जुनी, पिवळी पडलेली औषधाची चिठ्ठी लावलेली होती. त्यावरचे गोळीचे नाव मी दोनदा वाचले. नातीसाठी ज्या गोळीकडे सगळ्यांचा कल झाला होता, तीच ही गोळी होती.

''हे तर कोलंबीचं,'' भाची म्हणाली. ''लहानपणापासून ऐकतेय. आईला कोलंबी बाधली आणि अंग सोलून निघालं. म्हणून तिने कोलंबी सोडली. आम्ही खायचो, ती वरण-भात घेऊन बसायची.''

हे खरे आहे. समुद्राकाठी जन्मलेल्या त्या बाईने त्यानंतर आयुष्यभर कोलंबीला हात लावला नाही, आणि ते निदान माझे होते. आदल्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली होती. पानात कोलंबीचे कालवण होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे राहून मी छातीठोकपणे सांगितले होते, ''कोलंबीच बाधली.'' मी ठामपणे बोलतो, त्यामुळे लोक ते खरे धरतात. नव्या गोळीविषयी मला माहीतच नव्हते, कारण ती कशासाठी सुरू झाली हे आम्ही कोणी विचारतच नव्हतो. नंतर डॉक्टरांनी गोळी बदलली. आमच्या घराण्यात मात्र कोलंबीची कथाच टिकली. आता तीच कथा माझ्या नातीला त्या गोळीपर्यंत घेऊन जाणार होती.

भाची सांगते ते रडणे दारातले नव्हते. ते या ठिकाणी होते, आणि थोडेच होते.

मी ती कॅलेंडरे घेऊन थेट दादरला गेलो. वेळ ठरलेली नव्हती. तरी डॉक्टरांनी आत घेतले. त्यांनी ते पान आणि ती चिठ्ठी पाहिली.

''आजोबा, कोलंबीचा याच्याशी काही संबंध नसावा,'' त्या म्हणाल्या. ''ही गोळी काही जणांच्या अंगावर अशी उलटते, जिवावर बेतेल इतकी. ज्यांच्यावर उलटण्याचा धोका मोठा, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात एक खूण सापडते. ती वारशाने येते. हिचं रक्त तपासू. मग बोलू.''

''आणि लिथियम?''

''लिथियम लागू पडेल की नाही, हे नक्की सांगणारी तपासणी अजून आपल्याकडे नाही. पण घरात कोणाला ते इतकं छान मानवलं असेल, तर माझी आशा वाढते. तुमची बहीण म्हणजे हिच्या बाबांची आत्या. सरासरीने रक्ताचा आठवा हिस्सा. फार नाही, पण अगदीच थोडाही नाही.''

तो अहवाल येईपर्यंत मी डॉक्टरांचा तक्ता काढायला घेतला. जुन्या रॅपिडोग्राफ पेनांपैकी दोन अजून चालतात. सुनेला मी तिच्या माहेरची माहिती विचारली. ती हातातली पोळी तव्यावर टाकून म्हणाली, ''सव्वीस वर्षांनी विचारताय, बाबा. लिहून घ्या. माझी आई सर्दीच्या अर्ध्या गोळीने दोन दिवस झोपते. मावशी पण तशीच.'' मी डॉक्टरांना हे कळवले, तेव्हा त्या म्हणाल्या की, पहिल्या औषधाची गोष्ट तिकडूनही आलेली असू शकते. खात्रीने सांगता येणार नाही, पण तक्त्यात राहू द्या. म्हणजे ज्यांना मी कंसात घातले होते आणि ज्यांना आकड्यात घातले होते, त्यांच्याकडेच नातीची सगळी उत्तरे होती. चौदा पिढ्यांचे माझे सुबक पुरुष यांपैकी एकाही प्रश्नाला उपयोगी पडले नाहीत.

अहवाल आला. ती खूण नातीच्या रक्तात होती. ती गोळी तिला जन्मात कधी द्यायची नाही, हे डॉक्टरांनी एका कार्डावर लिहून तिच्या पाकिटात ठेवायला सांगितले आणि मुलाचेही रक्त तपासायला घेतले. त्याच्यातही तीच खूण निघाली. ''तुमच्यातूनच आली असणार,'' डॉक्टर मला म्हणाल्या. त्या गोळीची गरज मला कधी पडली नाही, म्हणून ऐंशी वर्षे मी ती खूण निर्धास्त बाळगून होतो.

लिथियम सुरू झाले. पहिले तीन आठवडे काहीच झाले नाही आणि मी डॉक्टरांना फोनवर दोन प्रश्न विचारले. मुलगा म्हणतो वीस. पाचव्या आठवड्यात नातीने स्वतः केस विंचरले. सहाव्यात ती स्वयंपाकघरात येऊन सुनेला म्हणाली, ''आई, ऐक ना. ड्रॉइंगचा हात तुझ्या बाबांकडून आणि पुरळाची खूण आबांकडून.'' सून इतकी हसली की, दूध उतू गेले. मी रागावलो नाही. त्या घरात तीन महिन्यांनी कोणी विनोद केला होता. तो माझ्यावर होता, एवढे चालवून घेण्याइतका मी उदार आहे. त्या रविवारी घरात कोलंबी झाली आणि भाचीला जेवायला बोलावले. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. ''एकदा माझी, एकदा आईची,'' म्हणाली.

आता शाईविषयी. अध्यक्ष महाशयांनी समजून घ्यावे की, मी शाई ओतली नाही. माझ्या स्वतःच्या प्रतीत, माझ्या वडिलांच्या चौकटीखाली, 'कन्या : एक' हे शब्द मी एका सरळ रेघेने खोडले आणि शेजारी एक वर्तुळ काढून त्यात बहिणीची दोन्ही नावे लिहिली, माहेरचे आणि सासरचे. तो ठराव मंडळाने एकमताने केला होता, असे अध्यक्ष सांगतात. तेही खरे आहे. त्या ठरावाचा मसुदा माझा होता, हे ते सभ्यपणाने सांगत नाहीत. म्हणून मी सांगतो. मुलींची नावे घालण्याचा नवा मसुदाही मीच लिहिला आहे. मागल्या सभेत तो फेटाळला गेला. पुढच्या सभेपर्यंत मी जगणार आहे.

गेल्या आठवड्यापर्यंत डॉक्टरांचा तक्ता पूर्ण करायचा राहिला होता, कारण शेवटचे वर्तुळ मी मुद्दाम काढायचे ठेवले होते. नात कॉलेजातून आली. तिचे थांबलेले वर्ष पुन्हा सुरू झाले आहे. रक्ताचे आकडेही ठीक आहेत. मी पेन तिच्या हातात दिले आणि तिची जागा दाखवली.

तिने हात पुढे केला आणि थांबली. बोटांना बारीक कंप होता. डॉक्टरांनी तो बराचसा कमी होईल असे सांगितले आहे. अद्याप पूर्ण गेलेला नाही.

''वाकडं येईल, आबा.''

''येऊ दे.''

''तुम्ही डॉक्टरांना चौकोनावरून बोलला होतात.''

''त्यांचा हात थरथरत नव्हता. त्यांना सबब नव्हती.''

ती हसली, श्वास रोखला आणि वर्तुळ काढले. वरच्या डाव्या बाजूला रेषा थोडी डळमळली आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत तसा कागद मी टेबलावरून पुढे जाऊ दिला नसता. मी भिंग घेऊन पाहिले, शाई वाळू दिली आणि तक्त्यावर खाली, जिथे तपासणाऱ्याची सही असते, तिथे सही केली.